टाकळ्याच्या बीवरचा पट्टा

नरसय्या, तुला नेलं तेव्हा मी इंग्रजी पाचवीच्या वर्गात फुलाचे भाग शिकवत होतो. फळ्यावर खडूनं पुंकेसर काढला होता आणि तो नेहमीसारखाच वाकडा आला होता. पोरं हसली, मीही हसलो. साधारण त्याच वेळी तुझी माणसं तुला घेऊन साखर पेठेतून निघाली असतील, हे मी नंतर ताडलं. मला कुणी निरोप धाडला नाही. कुणी आणि का धाडावा? तुझ्या भाऊबंदांच्या लेखी मी शाळेचा एक मास्तर. दर रविवारी तू माझ्याकडे यायचास एवढंच त्यांना माहीत. कशासाठी यायचास, हे तू त्यांना सांगायला गेला असतास तर त्यांनी तुला वेड्यात काढलं असतं.

शाळा सुटल्यावर मी मोसंबी घेऊन तुझ्याकडे निघालो. बोळाच्या तोंडाशी आलो आणि पाय थांबले. माग बंद होते. तुमच्या गल्लीत भर दिवसा माग बंद असणं म्हणजे एक तर सण, नाहीतर मयत. आणि सण तर कुठला नव्हता. तुझ्या दारात बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मोसंब्यांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. मी आत आलो नाही. मोसंबी तशीच परत आणली. घरी कुणी ती खाल्ली नाहीत.

त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात बरंच काही घडलं आणि ते सगळं तुझ्याशी बोलायचं आहे. बोलायला दुसरं माणूस नाही. शाळेत कुणी विचारलंच, "तो विणकर तुमचा कोण लागायचा?", तर मी म्हणतो, "माझी चित्रं काढायचा." म्हणतो आणि लाजतो. माझी कसली चित्रं? डोळा तुझा, हात तुझा.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेला वनस्पतिशास्त्राचे तक्ते हवे होते आणि चित्रकलेचे मास्तर आजारी पडून गावी गेले होते. कुणीतरी सांगितलं, साखर पेठेत एक विणकर आहे, साड्यांच्या किनारीचे नक्षे चौकटीच्या कागदावर काढतो, त्याचा हात बघा. तू आलास. डोक्याला रुमाल, कानावर पेन्सिल, खिशात सुताचे धागे मोजायचं भिंग. आमच्या प्रयोगशाळेत दोन टेबलं, एक कपाट आणि एक पितळी सूक्ष्मदर्शक. त्या दिवशी मी कापसाच्या फुलातली पिवळी भुकटी काचेवर टेकवून यंत्राखाली ठेवली होती. सहज म्हणालो, बघ. तू वाकलास आणि वाकूनच राहिलास.

"मास्तर, हे काटे कशाचे?"

"परागकण आहेत. कापसाच्या फुलातले."

"कापसाला काटे?" तू मान वर केलीस. चेहऱ्यावर कुणी फसवल्यासारखा भाव होता. "आमच्या सगळ्या पिढ्या कापसात गेल्या की ओ. कापसाला काटे हायत असं कुनी सांगितलं न्हाय."

पुढच्या रविवारी तू बोलावल्याशिवाय आलास. ओल्या फडक्यात भेंडीचं फूल, अंबाडीचं फूल आणि कुणाच्या तरी परसातली जास्वंद. तिन्हींच्या परागांना काटे निघाले. तिन्ही झाडं कापसाच्याच कुळातली, पण काट्यांची लांबी, त्यांचं अंतर वेगवेगळं. मी तुला सांगितलं की परदेशात काही विद्वान असंच करतात. दोन झाडं वरून अगदी सारखी दिसली, की त्यांचे परागकण पाहतात, बिया पाहतात. पानं ऊनपाण्यानं लहानमोठी होतात, पण ही बारीक ठेवण सहसा बदलत नाही. त्यावरून झाड एक की दोन ते ठरवतात. तू ऐकत होतास. मग म्हणालास, "म्हंजे पदर झाकला तरी किनार बघून साडी कुठल्या मागावरची ते वळखायचं, तसंच की."

तसंच होतं. त्या दिवसापासून आपले रविवार सुरू झाले.

तू एक डोळा यंत्राला लावायचास आणि दुसरा उघडा ठेवून कागदावर रेघ ओढायचास. मला ते कधी जमलं नाही. एकदा मी इंग्रजी पुस्तकातली आकृती तुझ्यापुढे ठेवली आणि म्हणालो, यातल्यासारखं काढ, हे बरोबर आहे. तू पुस्तकात पाहिलंस, यंत्रात पाहिलंस, परत पुस्तकात पाहिलंस. "पुस्तकवाल्यानं दुसरं फूल बघितलं आसंल, मास्तर. माज्या फुलात असं न्हाय." मी चिडलो. पुस्तक विलायतेत छापलेलं होतं. संध्याकाळपर्यंत मीच ताजी फुलं आणून चारदा पाहिलं. तुझ्या फुलात खरंच तसं नव्हतं. पण "तुझं बरोबर आहे" असं काही मी म्हणालो नाही. "बरं, असू दे," एवढंच म्हणालो. तेवढ्यानं तुझं भागायचं. माझ्याकडून तू इतकं थोडं मागायचास की मला देण्याची सवयच लागली नाही.

मग टाकळा आला. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, पडक्या जागेत, बांधावर माजणारं ते पिवळ्या फुलांचं तण. कोवळा पाला लोक भाजीला खुडतात, बाकी कुणी ढुंकून पाहत नाही. आपल्याकडच्या सगळ्या पुस्तकांत त्याची एकच जात दिलेली. एका दिवाळीनंतर तू दोन पुड्या घेऊन आलास आणि टेबलावर उघडल्यास. दोन्हींत तपकिरी, चकचकीत, लांबट चौकोनी बिया.

"ह्या कंबर तलावाच्या काठच्या. ह्या अक्कलकोट रस्त्याच्या. बघा."

"टाकळा आहे. दोन्ही टाकळाच."

"पट्टा बघा की."

तू खिशातलं भिंग माझ्या हातात दिलंस. टाकळ्याच्या बीच्या दोन्ही बाजूंना एक फिकट पट्टा असतो, ते मला माहीत होतं. पण तलावाकाठच्या बियांवर तो केसासारखा बारीक होता आणि अक्कलकोट रस्त्याच्या बियांवर जवळजवळ निम्मी बाजू व्यापणारा, रुंद. मी दोन-चार बिया उलटसुलट केल्या. तू म्हणालास, "मी मूठभर बघितल्या. मधली एक बी गावली न्हाय. बारीक न्हायतर रुंद. मास्तर, ही दोन झाडं हायत."

"जमीन वेगळी, पाणी वेगळं. त्यानं फरक पडतो."

"जमिनीनं कापड तोकडं पडंल. किनार कशी बदलंल?"

आपला वाद इथून सुरू झाला, नरसय्या, आणि तो तू जाईपर्यंत संपला नाही.

तुला आठवतं, आपण सर्व्हिस मोटारीनं मैंदर्गीला गेलो होतो? धुळीनं दोघेही पांढरे झालो होतो. तिथं बांधावर टाकळाच टाकळा. कुणा शेतकऱ्याची बायको खुरपं घेऊन उभी होती. तू तिला तोडक्यामोडक्या कानडीत विचारलंस, तगचे, म्हणजे टाकळे, किती जातींचे असतात? ती हसत सुटली. मग मराठीत म्हणाली, "एक का धा, कुनाला ठावं? उपटून उपटून माजं हात मोडल्यात. हवा तेवडा न्या की." आपण पिशवीभर शेंगा आणल्या. सगळ्या बियांवर रुंद पट्टा. वाटेत तू गात नव्हतास, बोलत नव्हतास, पण इतका सुखी तुला मी त्याआधी आणि त्यानंतरही पाहिलं नाही.

मी मात्र परागकणांवर अडून बसलो. बी बाहेरची, म्हणालो, परागकण आतला. दोन जाती असतील तर तिथं फरक दिसायला हवा. पुढच्या पावसाळ्यात फुलं आली. टाकळ्याचे केसर टोकाला बारीक भोक पडून उघडतात, टाचणीनं ठोकल्याशिवाय पराग पडत नाही. तू किती फुलं ठोकलीस त्याला गणती नाही. लाल शाईचा थेंब टाकून काचेवर मांडलेस. दोन्हींचे कण सारखे, गुळगुळीत, तीन खाचांचे. खरं सांगू? तोवर मलाही मनातून वाटायला लागलं होतं की दोन जाती असाव्यात. परागकणांतही फरक निघाला असता तर त्यावर मी लिहू पाहत होतो तो लेख भक्कम झाला असता. मी तुझ्या खांद्यावरून वाकून म्हणालो, "हा अक्कलकोट रस्त्याचा कण जरा मोठा नाही वाटत?"

तू पाहिलंस. परत मोजलंस. "न्हाय मास्तर."

"अगदी थोडासा?"

"फरक न्हाय तर मी काडू कसा?" तू म्हणालास. तुला राग आला नव्हता. खरोखरच कळत नव्हतं की मी काय मागतो आहे.

हे मी एवढं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं ते याच्यानंतरचं आहे. याच्या आधीचं असतं तर माझ्याकडे काही सबब तरी राहिली असती.

तुझी चित्रं मी पुण्याच्या एका मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे पाठवली. सोबत चार पानांचं पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, इंग्रजीत, टाइप केलेलं. त्या वेळी मी ते तुला वाचून दाखवलं, पण सगळं नाही दाखवलं. आज सगळं सांगतो. त्यांनी लिहिलं होतं की परागकणांत फरक नाही, तेव्हा जाती दोन मानता येणार नाहीत. बिया एकाच मातीत शेजारी शेजारी पेरून पाहाव्यात. एवढं तुला वाचून दाखवलं. पुढचं वाक्य मी गिळलं. ते असं होतं: चित्रं अतिशय सुंदर आहेत, पण इतकी रेखीव आहेत की चित्रकारानं हौसेनं हा फरक वाढवला असावा अशी शंका येते. आणि शेवटी, आपल्यासारख्या अभ्यासू शिक्षकानं कधी पुण्यास येऊन आमचा वनस्पतिसंग्रह अवश्य पाहावा.

अभ्यासू शिक्षक. मी ते दोन शब्द किती वेळा वाचले असतील! मग इंग्रजीत उत्तर लिहायला बसलो. त्यात लिहिलं: "चित्रकार हा साड्यांच्या किनारीचे नक्षे काढणारा एक विणकर आहे. पट्टे ठळक व रेखीव काढण्याचा त्याला सराव आहे. तेव्हा आपली शंका रास्त असावी."

हे मी लिहिलं. तुझ्यासमोर बसून पाच वर्षं रविवार घालवलेल्या माणसानं लिहिलं. न दिसलेली एक रेघसुद्धा तू काढत नाहीस हे या जगात फक्त मला माहीत होतं. मोठा माणूस शंका घेतो आहे, त्याला मान डोलवली की आपणही त्याच्या पंगतीला बसतो, असं काहीसं त्या वेळी माझ्या मनात असणार. दुसरं कारण मला सापडत नाही.

तू विचारलंस, "तुमी उलट काय लिवलंत, मास्तर?"

"आभार मानले."

"बरं केलं," तू म्हणालास. "आता पेरून बघू. शेजारी शेजारी."

शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ तू वाफा केलास. एकच माती, एकच पाणी. अर्ध्या भागात बारीक पट्ट्याच्या बिया, अर्ध्या भागात रुंद पट्ट्याच्या. मधे सुतळी बांधलीस. रोपं गुडघ्याएवढी झाली, फुलं लागली, आणि शाळा तपासनीस येणार असं कळलं. हेडमास्तर अंगणात फिरले, वाफ्यापाशी थांबले. "हे काय? तण माजवून ठेवलंय?" मी म्हणालो, "सर, तो एक प्रयोग आहे." "कसला?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एवढा कंटाळा होता, की मी म्हणालो, "विशेष काही नाही. काढून टाकतो."

माळ्यानं अर्ध्या तासात वाफा साफ केला. तपासनीसांनी अंगणाकडे पाहिलंही नाही.

रविवारी तू आलास. कोपऱ्यात ढीग पडला होता, पानं मिटून गेलेली. तू त्या ढिगाशी उकिडवा बसलास. एक एक रोप उचलून शेंगा चाचपू लागलास. सगळ्या कोवळ्या, बोटाएवढ्याही नाहीत. मी मागे उभा राहून सांगत होतो, हेडमास्तर, तपासणी, माझा नाइलाज. तू उठलास, हात झटकलेस. "तणच हाय की ते, मास्तर. त्यांचं खरं हाय." आणि गेलास. त्यानंतर चार रविवार तू आला नाहीस. मला बरं वाटलं, हेही आज लिहून टाकतो. तुझ्या तोंडाकडे बघायला लागू नये, असं वाटत होतं.

पाचव्या रविवारी मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू मागावर नव्हतास. भिंतीला टेकून बसला होतास आणि खोकत होतास. बालम्मा, तुझी बायको, दारातच म्हणाली, "आयनला बरं न्हाय." तिनं तुला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तेलुगूतलं ते 'आयन', म्हणजे 'ते', एवढ्या एका शब्दात तिचा सगळा संसार असायचा. डॉक्टरनं क्षय सांगितला. मिरजेच्या इस्पितळात नेता आलं तर पाहा, म्हणाला. तू मिरजेला गेला नाहीस. मी आग्रह करायला हवा होता. दोनदा केला, तिसऱ्यांदा केला नाही.

या वर्षी पावसाच्या सुरुवातीला येऊन पाहतो, तर तुझ्या दारात रॉकेलचे चार डबे मांडलेले. कंबर तलावाच्या काठची माती. ती बालम्मानं डोक्यावरून आणली होती. दोन डब्यांवर चुन्यानं बारीक रेघ, दोन डब्यांवर जाड रेघ. तुझ्या छातीची हाडं सदऱ्यातून दिसत होती आणि तू गुडघ्यांवर बसून तांब्यानं पाणी घालत होतास. मोजून, प्रत्येकाला सारखं.

"हितं तपासनीस येत न्हाय," तू म्हणालास. आणि हसलास. सहा वर्षांत तू मला लावलेला तेवढा एकच टोला. त्यालाही लगेच खोकल्यानं गिळून टाकलं.

श्रावण, भाद्रपद, मी दर रविवारी येत राहिलो. आता मी तुझ्याकडे येत होतो. तू अंथरुणावरून वाद घालायचास. मी म्हणायचो, परागकण सारखे आहेत त्याचं काय? तू म्हणायचास, "दोन भाऊ तोंडानं सारखे आसत्यात, म्हणून काय एकच मानूस हाय का?" मी म्हणायचो, हा काही पुरावा नव्हे. तू म्हणायचास, "पुरावा दारात वाडतोय की." बालम्मा मला खुणेनं सांगायची, बोलू देऊ नका. पण तू बोलत असतानाच तुझ्या डोळ्यांत जीव दिसायचा, म्हणून मी मुद्दाम उलट बोलत राहायचो. दुसरं औषध माझ्याकडे नव्हतं. शेवटी शेवटी तर मला तुझं पूर्ण पटलं होतं आणि तरी मी भांडत होतो. तुला ते कळलं होतं का?

आश्विनात, आपल्या शेवटच्या रविवारी, तू म्हणालास, एक शेंग आणा. मी जाड रेघेच्या डब्यातली एक तोडून आणली. नखानं उकललीस. आत हिरव्या, मऊ बिया. पट्टा अजून उमटला नव्हता. तू बराच वेळ बोटावर ती बी धरून बसलास.

"पिकाय पायजे," तू म्हणालास. "अजून म्हैना तरी."

मला त्या वेळी सांगायचं होतं. पुण्याला काय लिहिलं ते सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. म्हणालो, "नरसय्या, ते पुण्याचं पत्र..." तेवढ्यात बालम्मा काढा घेऊन आली. तू काढा प्यायलास, दमलास, डोळे मिटलेस. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच उठलो. गुरुवारी तू गेलास.

शेंगा कार्तिकात पिकल्या. बालम्मानं डब्यांना पाणी घालणं थांबवलं नव्हतं. दहावं, बारावं, तेरावं, सगळ्यांतून तिनं चार तांबे पाणी मोजून घातलं. माझ्याकडे निरोप पाठवला, शेंगा तडकायला लागल्या, या. मी आलो, भिंग घेतलं. तुझंच भिंग. ते तिनं आधीच धुऊन काढून ठेवलं होतं. दारात चटई टाकून आम्ही दोघं बसलो. ती शेंगा सोलायची, मी पाहायचो. बारीक रेघेच्या डब्यांतल्या बियांवर केसासारखा पट्टा. जाड रेघेच्या डब्यांतल्या बियांवर रुंद पट्टा. एक माती, एक तांब्या, एक ऊन. मी सगळ्या शेंगा सोलायला लावल्या. मधली एक बी सापडावी म्हणून शोधत होतो, का ते माझं मलाच माहीत. सापडली नाही.

त्याच दिवशी मी पुण्याला पत्र लिहिलं. बिया कागदात बांधून सोबत घातल्या. लिहिलं की चित्रकाराविषयी मी पूर्वी लिहिलेलं विधान असत्य होतं. तो माणूस नजरेला न दिसलेलं काही काढत नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बियांतला हा फरक प्रथम त्यानं ओळखला. तुझं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, धंदा लिहिला. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. चार ओळी. बिया पाहिल्या, फरक लक्षणीय आहे, पण एका पेरणीवर निर्णय करता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पेरून नव्या बियांची चित्रं पाठवावीत. त्याच चित्रकाराकडून काढून घेतल्यास उत्तम.

त्याच चित्रकाराकडून. पत्रात तू गेल्याचं मी लिहिलं होतं. इतर टपालाच्या गर्दीत ते वाक्य त्यांच्या नजरेतून सुटलं असावं.

रागावलो नाही. पुढच्या पावसाळ्यात पेरणार आहे. परवा दोन बिया समोर ठेवून स्वतः काढायला बसलो. तीन कागद फाडले. पट्टा काढला की बी बिघडते, बी नीट आली की पट्टा कुठं संपतो ते कळत नाही. निर्णय कधी लागेल, लागेल की नाही, माझ्या हयातीत पुस्तकात दोन टाकळे छापले जातील की नाही, देव जाणे. छापले गेलेच तरी त्याखाली साखर पेठेतल्या कुणा नरसय्याचं नाव असेल, अशी आशा मला नाही.

काल कार्ड घेऊन बालम्माकडे गेलो. तिला वाचून दाखवलं. मग पुण्याला आधी धाडलेलं माझं ते उत्तरही सांगितलं. मी काय लिहिलं होतं ते, शब्द न शब्द. मराठीत ते वाक्य इंग्रजीपेक्षाही वाईट लागतं. ती बॉबिन भरत होती. हात थांबला नाही. मला वाटलं ती रडेल, मला घराबाहेर काढेल. तिनं धागा संपेपर्यंत भरला, तोडला, आणि मग विचारलं,

"आता चूक झाली म्हणून पुन्याला कळवलं न्हवं?"

"कळवलं."

"आनि आयनला?"

मी हातातलं कार्ड खिशात घातलं. तिनं दुसरी बॉबिन लावली. "पुन्याच्या सायबाला काय करायचंय त्याचं? ज्याला सांगायचं त्याला सांगितलं न्हाय."

म्हणून लिहायला बसलो आहे, नरसय्या. उशीर झाला आहे आणि हे तुझ्यापर्यंत कसं पोचायचं ते मला माहीत नाही. तू काढलंस ते खरं होतं. पट्टा जेवढा होता तेवढाच तू काढलास. मी लिहिलं ते खोटं होतं, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. टाकळे दोन आहेत. तुझं बरोबर आहे.